अ‍ॅरेवर फिरण्याची सर्वांत वेगवान पद्धत कोणती? माझी मोजणी दर वेळी वेगळे उत्तर देते

प्रश्न — अनुक्रम

नमस्कार. आमच्या चमूत गेले काही दिवस एका मुद्द्यावर एकमत होत नाही, म्हणून येथे विचारतो आहे. आम्ही जावास्क्रिप्टमध्ये काम करतो. काही भाग ब्राउझरमध्ये चालतो, काही नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह आहे की अ‍ॅरेवर (क्रमाने ठेवलेल्या घटकांच्या यादीवर) फिरण्यासाठी सर्वत्र फॉर-ऑफ वापरावे, कारण ते वाचायला सोपे जाते. दुसऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की इंडेक्स घेऊन चालणारा जुना साधा फॉर लूपच सर्वांत वेगवान असतो आणि फॉरईच तर वापरूच नये, कारण त्यात प्रत्येक घटकासाठी एक फंक्शन बोलावले जाते. मला दोघांचेही थोडेथोडे पटत होते, म्हणून स्वतः मोजून पाहायचे ठरवले.

दहा लाख यादृच्छिक दशांश संख्यांचा एक अ‍ॅरे तयार केला आणि एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक, पाच पद्धतींनी त्यांची बेरीज केली: साधा फॉर, लांबी आधीच वेगळ्या चलात ठेवलेला फॉर, फॉर-ऑफ, फॉरईच आणि रिड्यूस. प्रत्येक पद्धतीच्या आधी व नंतर डेट-नाऊने वेळ घेतली आणि फरक छापला. पहिल्या धावेत साधा फॉर सर्वांत हळू ठरला, जे कोणीच म्हणत नव्हते. मग मी क्रम उलटा केला, तर रिड्यूस सर्वांत हळू ठरले. थोडक्यात, जी पद्धत पहिल्या क्रमांकावर ठेवावी ती मागे पडते, आणि शेवटच्या एकदोन पद्धतींची वेळ कधीकधी चक्क शून्य दिसते. दहा लाख बेरजा शून्य वेळात होणार नाहीत एवढे मला कळते, पण चूक कुठे आहे ते सापडत नाही.

या सगळ्याचे मूळ असे की आमच्याकडे २०,००० व्यवहारांचा ताळमेळ घालणारे एक पान आहे आणि ते उघडताना ब्राउझर काही काळ गोठतो. मी तेथील फॉरईच काढून साधा फॉर घातला, पण जाणवेल असा काहीही फरक पडला नाही. तेव्हा माझे प्रश्न असे: मोजणी दर वेळी का बदलते, लांबी वेगळ्या चलात ठेवण्याचा आज काही उपयोग आहे का, आणि शेवटी कोणती पद्धत वापरावी?


उत्तर — तपासनीस

आपण क्रम उलटा करून पाहिलात हे फार चांगले केले, कारण बहुतेक जण पहिल्याच धावेचे आकडे खरे मानून नियम ठरवून टाकतात. आपली मोजणी पद्धतींचा वेग मोजत नव्हती. ती मुख्यतः इंजिन (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) ‘तापण्याचा’ काळ मोजत होती. हे कसे घडते ते नीट मांडतो.

क्रोम आणि नोड या दोन्हींत व्ही-८ हे इंजिन असते. ते आपला कोड आल्याबरोबर त्याचे उत्तम यंत्रभाषांतर करत बसत नाही. सुरुवातीला इग्निशन हा इंटरप्रिटर, म्हणजे सूचना एकेक करून वाचणारा भाग, कोड चालवतो, आणि जो भाग वारंवार चालतो आहे असे दिसते तो हळूहळू वरच्या पायरीवर चढवला जातो. २०२१ पासून स्पार्कप्लग, २०२३ पासून मॅग्लेव्ह, आणि सर्वांत वर २०१७ पासून टर्बोफॅन अशा या पायऱ्या आहेत. वरची पायरी गाठण्यासाठी इंजिनाला आधी निरीक्षण करावे लागते: या चलात नेहमी दशांश संख्याच येते का, हा अ‍ॅरे कोणत्या प्रकारचा आहे, हे फंक्शन नेहमी तेच असते का. लूप मोठा असेल तर तो चालू असतानाच मध्येच त्याची वेगवान आवृत्ती बसवली जाते, पण तोपर्यंतच्या फेऱ्या संथ गतीनेच झालेल्या असतात. पहिल्या क्रमांकावरच्या पद्धतीच्या वाट्याला यातला मोठा खर्च येतो.

त्यातच मेमरीचा मुद्दा मिसळतो. दहा लाख दशांश संख्या म्हणजे प्रत्येकी ८ बाइट धरून ८० लाख बाइट. पहिली पद्धत चालताना यातला बराचसा भाग मुख्य मेमरीतून आणावा लागत असेल, तर पुढच्या पद्धतींना त्यातील काही भाग प्रोसेसरच्या कॅशमध्ये (जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) तयार मिळतो. म्हणजे पहिल्याने रस्ता मोकळा करायचा आणि मागच्यांनी त्यावरून धावायचे, अशी ती शर्यत होती.

आता शून्याचे कोडे. डेट-नाऊ फक्त पूर्ण मिलिसेकंद सांगते. प्रत्येक बेरजेला अंदाजे एक नॅनोसेकंद लागतो असे धरले, तर दहा लाख बेरजांना एकच मिलिसेकंद लागतो; म्हणजे आपण वीतभर लांबीची वस्तू वीतभर खुणांच्याच पट्टीने मोजत होता. ब्राउझरमध्ये परफॉर्मन्स-नाऊ वापरावे, पण तेही पूर्ण बारीक नाही हे लक्षात ठेवावे: २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाल्यानंतर ब्राउझरांनी ही घड्याळे मुद्दाम ढोबळ केली, कारण अतिसूक्ष्म वेळ मोजता आली की तिच्या आधारे दुसऱ्याची माहिती ओळखता येत होती. नोडमध्ये नॅनोसेकंदांत वेळ देणारे एचआर-टाइम उपलब्ध आहे. घड्याळ कोणतेही असो, एका फेरीची वेळ घेण्यापेक्षा तेच काम शेकडो वेळा करून एकूण वेळेला भागावे हे बरे.

आणखी दोन सापळे सांगतो, कारण मोजणी सुधारायला बसलात की त्यांत पाय अडकण्याची शक्यता जास्त. पहिला असा की ज्या गणिताचा निकाल पुढे कुठेच वापरला जात नाही ते गणित कंपाइलर (कोडचे यंत्रभाषांतर करणारा भाग) सरळ वगळू शकतो. म्हणून प्रत्येक बेरीज कुठेतरी साठवा आणि शेवटी छापा. दुसरा सापळा अधिक फसवा आहे. पुष्कळ जण ‘वेळ-घ्या’ असे एक सामाईक फंक्शन लिहितात आणि त्याला एकामागून एक पाचही पद्धती देतात. पहिली पद्धत देताना त्या हाकेच्या जागी नेहमी एकच फंक्शन दिसते, म्हणून इंजिन ते तेथेच आत मिसळून घेते, म्हणजे इनलाइन करते. दुसरी पद्धत आली की तो अंदाज खोटा ठरतो, तयार केलेला वेगवान कोड टाकून द्यावा लागतो, आणि पुढच्या सर्व पद्धती त्या बिघडलेल्या जागेतून धावतात. या सापळ्यात पहिली पद्धत जिंकते, आपल्या मोजणीत ती हरत होती. पण दोन्हीकडे निकाल क्रमाने ठरला. म्हणून प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रक्रियेत चालवणे, आधी काहीशे फेऱ्या न मोजता जाऊ देणे, आणि नंतरच्या अनेक धावांचा मध्यक पाहणे हेच मी खरे मानतो. सरासरीपेक्षा मध्यक पाहावा, कारण मध्येच गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी आवरण्याचे काम) झाले की एखादी धाव विनाकारण लांबते आणि सरासरी तिच्या बाजूला झुकते.

लांबी वेगळ्या चलात ठेवण्याबद्दल: साध्या अ‍ॅरेसाठी आज त्याचा उपयोग जवळजवळ नाही. लांबी ही अ‍ॅरेसोबत तयार ठेवलेली संख्या असते. ती वाचणे स्वस्त असते, आणि लूपमध्ये ती बदलत नाही हे दिसले की कंपाइलर स्वतःच ती बाहेर काढू शकतो. ही सवय जुन्या इंजिनांच्या काळातून आली आहे. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: पानावरील घटकांचा जो जिवंत संग्रह ब्राउझर देतो, तो अ‍ॅरे नसतो. त्यावर फिरताना आपण एखादा घटक काढलात तर त्याची लांबी तेथल्या तेथे कमी होते आणि पुढचा घटक तपासायचा राहून जातो. तेथे प्रश्न वेगाचा नसून बरोबर उत्तराचा आहे, आणि आधी त्याचा खरा अ‍ॅरे करून घेणे हा त्यावर सरळ उपाय आहे.


उत्तर — रिकामी_जागा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पण मला वाटते की पद्धत निवडताना आधी अर्थाचा विचार व्हावा, कारण या पाचही पद्धती एकच काम करतात हा समजच बरोबर नाही.

फॉरईच जावास्क्रिप्टच्या २००९ च्या आवृत्तीत आले आणि फॉर-ऑफ २०१५ च्या. फॉरईचमधून मध्येच बाहेर पडता येत नाही. हवा तो घटक सापडला तरी उरलेल्या सर्व फेऱ्या होतातच. दहा लाखांच्या अ‍ॅरेत तिसऱ्याच घटकाशी काम संपणार असेल, तर सम (some) किंवा फाइंड यांसारखी थांबू शकणारी पद्धत कितीही ‘हळू’ असली तरी पुढेच राहील. याहून मोठा फरक अवेटचा, म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगणाऱ्या शब्दाचा, आहे. फॉरईचला असिंक (ज्याचे काम नंतर पूर्ण होते असे) फंक्शन दिले तर ते कोणत्याही फेरीसाठी थांबत नाही. सर्व फेऱ्या एकदम सुरू होतात आणि पुढची ओळ त्या पूर्ण होण्याआधीच चालते. फॉर-ऑफमध्ये अवेट लिहिले तर प्रत्येक फेरी आधीची संपल्यावरच सुरू होते. नोंदी साठवताना त्या मागेपुढे झाल्याचे कोडे मी अनेकदा याच एका गोष्टीपाशी सुटलेले पाहिले आहे.

लूप चालू असताना त्याच अ‍ॅरेत घटक जोडले तर काय होते हेही पाहावे. फॉरईच सुरुवातीलाच लांबी टिपून घेते, म्हणून नंतर जोडलेले घटक त्याला दिसत नाहीत. फॉर-ऑफला ते दिसतात, आणि प्रत्येक फेरीत एक घटक जोडला जात असेल तर तो लूप कधीच संपत नाही. अ‍ॅरेत मध्ये रिकाम्या जागा असतील तर फॉरईच त्या ओलांडून जाते. फॉर-ऑफ तेथेही थांबते आणि अनडिफाइन्ड, म्हणजे ‘मूल्य नाही’ असे दाखवणारी खूण, हाती देते.

फॉर-इनचा उल्लेख आपण केला नाहीत ते बरे झाले, पण कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. ते ऑब्जेक्टच्या गुणधर्मांवर फिरण्यासाठी आहे. अ‍ॅरेवर वापरले तर इंडेक्स संख्या म्हणून येत नाही, अक्षरमाला म्हणून येतो. त्यामुळे ‘इंडेक्स अधिक १’ लिहिले की शून्य आणि एक यांची बेरीज १ येण्याऐवजी ०१ अशी जोडणी मिळते. शिवाय कोणी सर्व अ‍ॅरेंना सामाईक असलेल्या मूळ अ‍ॅरे-प्रोटोटाइपमध्ये नवे फंक्शन साधेपणाने जोडले असेल तर तेही फेऱ्यांमध्ये येते. हे हळू तर आहेच, पण ते वेगवान असते तरी मी अ‍ॅरेसाठी ते नाकारले असते.

फॉर-ऑफच्या वेगाबद्दल एक तपशील जोडतो. नियमाप्रमाणे त्यात प्रत्येक फेरीला इटरेटरचे (घटक एकेक करून देणाऱ्या ऑब्जेक्टचे) नेक्स्ट बोलावले जाते आणि मूल्य व समाप्ती सांगणारा एक छोटा ऑब्जेक्ट परत येतो. आजचे इंजिन साध्या अ‍ॅरेच्या बाबतीत तापल्यानंतर तो ऑब्जेक्ट प्रत्यक्षात तयारच करत नाही. पण आपला कोड जुन्या ब्राउझरांसाठी २००९ च्या आवृत्तीत भाषांतरित होत असेल, तर फॉर-ऑफच्या जागी लांबलचक ट्राय-कॅचसह वेगळाच कोड तयार होऊ शकतो. म्हणून आपण लिहिलेला कोड मोजू नका, बांधणीनंतर जो प्रत्यक्ष पाठवला जातो तो मोजा.


उत्तर — ओळ_स्तंभ

मला मूळ प्रश्नातील एक वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते: फॉरईचच्या जागी फॉर घातले आणि फरक पडला नाही. २०,००० फेऱ्या हे आजच्या प्रोसेसरसाठी नगण्य काम आहे. प्रत्येक फेरीच्या फंक्शन-हाकेला दहा नॅनोसेकंदांचा जादा खर्च येतो असे सढळ हाताने धरले तरी एकूण होतात ०.२ मिलिसेकंद. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जात असेल तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे हा खर्च डोळ्यांना दिसणेच शक्य नाही. पान गोठत असेल तर कारण लूपच्या चौकटीत नसून तिच्या आत आहे. प्रत्येक व्यवहारासाठी आत नेमके काय होते, ते कृपया सांगाल का?


अनुक्रम

आपण तिघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. आज मी प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रक्रियेत, आधी ५०० फेऱ्या सोडून, मोजली. आता क्रम बदलल्याने निकाल बदलत नाही. साधा फॉर आणि फॉर-ऑफ यांतला फरक धावांच्या आपसांतल्या फरकापेक्षा लहान आहे, म्हणजे त्यावरून काही ठरवणे योग्य होणार नाही.

आतील कामाबद्दल: प्रत्येक व्यवहारात खाते क्रमांक असतो. खात्यांचा दुसरा अ‍ॅरे आहे, त्यातही सुमारे २०,००० नोंदी आहेत. लूपच्या आत फाइंडने त्या क्रमांकाचे खाते शोधतो, आणि मग रिड्यूसच्या मदतीने निकालाचा नवा अ‍ॅरे तयार होतो. त्यात दर वेळी जुना निकाल तीन टिंबांनी पसरून शेवटी नवी नोंद जोडली आहे. हा भाग वाचायला नेटका वाटतो, म्हणून कोणी त्याकडे संशयाने पाहिले नव्हते.


उत्तर — ओळ_स्तंभ

दोन्ही दोषी येथेच आहेत, आणि दोघांचेही स्वरूप एकच आहे: दिसायला एक लूप, प्रत्यक्षात लूपमध्ये लूप.

फाइंड सुरुवातीपासून एकेक खाते पाहत जाते. प्रत्येक व्यवहाराचे खाते कुठेतरी सापडतेच असे धरले आणि ती सर्वत्र सारखी विखुरलेली असली, तर सरासरी १०,००० तुलना एका व्यवहारामागे होतात; २०,००० व्यवहारांच्या २० कोटी. ज्यांचे खाते नाहीच, अशा व्यवहारांना पूर्ण २०,००० तुलना लागतात. पसरून जोडण्याचे गणितही तेवढेच जड आहे. पहिल्या वेळी शून्य नोंदी उतरवायच्या, मग एक, मग दोन, असे करत शेवटच्या वेळी १९,९९९; यांची बेरीज १९,९९,९०,०००, म्हणजे पुन्हा जवळजवळ २० कोटी नोंदी एका अ‍ॅरेतून दुसऱ्यात उतरवल्या जातात, आणि टाकून दिलेले जुने अ‍ॅरे आवरण्याचे काम गार्बेज कलेक्शनवर पडते ते निराळेच. आपण फॉरईच काढून फॉर घातलात तेव्हा या ४० कोटींतले एकही काम कमी झाले नव्हते.

उपाय असा: लूपच्या आधी एकदाच खात्यांवरून फिरून खाते क्रमांक ते खाते असा एक मॅप-संग्रह तयार करा. मी मॅप हे अ‍ॅरेवरचे फंक्शन म्हणत नसून २०१५ च्या आवृत्तीतील किल्ली-मूल्य साठवणारा प्रकार म्हणतो आहे. दोघांचे नाव एकच असल्याने गोंधळ होतो. त्यासाठी २०,००० नोंदी घालाव्या लागतात आणि नंतर २०,००० वेळा शोध घ्यावा लागतो, पण प्रत्येक शोध संग्रहाच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो. निकालासाठी एक रिकामा अ‍ॅरे घ्या आणि पुशने जोडत जा. असे केल्यावर बाहेरचा लूप कोणत्या पद्धतीचा आहे याने काही बिघडणार नाही. आपले ज्येष्ठ सहकारी म्हणतात तसे फॉर-ऑफ खुशाल वापरा.

एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. फाइंडमध्ये तुलना दोन बरोबर-चिन्हांनी केली असेल, तर १०१ ही संख्या आणि १०१ ही अक्षरमाला समान धरली जात होती. मॅप-संग्रहात ती समान नसते. दोन अ‍ॅरे दोन वेगळ्या ठिकाणांहून येत असतील तर किल्ली घालताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच प्रकार करून घ्या, नाहीतर काही खाती गायब झाल्यासारखी वाटतील.

आता थोडे मेमरीबद्दल, कारण वेगाचा खरा मोठा फरक मी तेथे पाहिला आहे आणि पद्धतींच्या चर्चेत तो मुद्दा नेहमी मागे राहतो. प्रोसेसर मुख्य मेमरीतून एकेक संख्या आणत नाही. तो बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटांची एक सलग पट्टी आणतो. ८ बाइटांच्या संख्या सलग ठेवल्या असतील तर एका पट्टीत आठ संख्या येतात. समजा ४,००० ओळी आणि ४,००० स्तंभांचा तक्ता एकाच फ्लोट-६४ टाइप्ड अ‍ॅरेत (केवळ ८ बाइटांच्या दशांश संख्या सलग ठेवणाऱ्या अ‍ॅरेत) ओळीमागून ओळ असा ठेवला आहे. तो १२ कोटी ८० लाख बाइटांचा झाला, म्हणजे कॅशमध्ये मावणारा नव्हे. ओळीने फिरलात तर आणलेल्या पट्टीतील आठही संख्या कामाला येतात. स्तंभाने फिरलात तर प्रत्येक पावलाला ३२,००० बाइटांची उडी बसते आणि ६४ बाइट आणून त्यांतले ८ वापरले जातात. बेरजा तेवढ्याच, लूपही तोच, केवळ आतला आणि बाहेरचा इंडेक्स अदलाबदल झालेला. पण त्या अदलाबदलीने जो फरक पडतो त्यापुढे फॉर की फॉरईच हा प्रश्न अगदी किरकोळ ठरतो. सी भाषेत तक्ते ओळीने ठेवतात आणि फोरट्रानमध्ये स्तंभाने, म्हणून एका भाषेतला लूप दुसरीत जसाच्या तसा उतरवला की तो विनाकारण मंदावतो.

साध्या अ‍ॅरेबाबतही व्ही-८ आतून भेद करते. त्यात केवळ लहान पूर्णांक आहेत, दशांश संख्या आहेत, की मिश्र घटक आहेत, आणि मध्ये रिकाम्या जागा आहेत की नाहीत, यांवरून त्याचा प्रकार ठरतो. हा प्रवास बहुतेक वेळा एकाच दिशेने होतो: पूर्णांकांच्या अ‍ॅरेत एक अक्षरमाला घातली की तो मिश्र होतो, आणि ती काढून टाकली तरी मिश्रच राहतो. लांबी देऊन तयार केलेला रिकामा अ‍ॅरे नंतर एकेक घटक घालून पूर्ण भरला तरी ‘रिकाम्या जागा असलेला’ याच वर्गात राहतो. त्यामुळे पडणारा फरक बहुधा लहान असतो, म्हणून त्यासाठी चांगला कोड वाकडा करू नये. मात्र लूपची अट लिहिताना ‘लांबीपेक्षा कमी’ऐवजी ‘लांबीइतके किंवा कमी’ असे लिहिले जाते, तेव्हा शेवटची फेरी अ‍ॅरेच्या बाहेर डोकावते. त्यातून अनडिफाइन्ड येऊन बेरीज बिघडते, आणि बेरीज नसेल व चूक लपून राहिली तर इंजिनाला त्या वाचनासाठी वेगळी, संथ वाट धरावी लागते.


उत्तर — मूळ_यंत्र

मी सहसा सी, जावा आणि पायथनमध्ये काम करतो. वरच्या चर्चेला माझा थोडा विरोध आहे, म्हणून लिहितो. लूपची पद्धत नेहमीच किरकोळ असते असा अर्थ कोणी काढू नये. चित्रातील प्रत्येक बिंदूवर किंवा ध्वनीच्या प्रत्येक नमुन्यावर काम करणारा आतला लूप असेल, तर फेरीतले काम दोनचार बेरजांचे असते, आणि तेथे कॉलबॅक (प्रत्येक फेरीसाठी दिलेले फंक्शन) इनलाइन झाला की नाही याने मोठा फरक पडतो. एकच मदतनीस फंक्शन अनेक ठिकाणांहून वेगवेगळे कॉलबॅक घेऊन बोलावले जात असेल तर इंजिनाला त्यातला एक निवडून आत मिसळता येत नाही. अशा मोजक्या जागी मी आजही टाइप्ड अ‍ॅरे आणि साधा फॉर हेच लिहीन.

दुसरे म्हणजे, एका भाषेतील क्रमवारी दुसऱ्या भाषेत लागू करू नये. जावात इंडेक्स घेऊन चालणारा फॉर अ‍ॅरेलिस्टवर उत्तम चालतो. तोच लूप लिंक्डलिस्टवर (साखळीने जोडलेल्या घटकांवर) लावला तर प्रत्येक गेट पुन्हा टोकापासून चालत जाते आणि काम वर्गाच्या पटीत वाढते, तर इटरेटर तेथे एकेक पाऊल पुढे सरकतो. पायथनमध्ये इंडेक्स मोजत फिरण्यापेक्षा थेट घटकांवर फिरणे जलद असते, आणि संख्यांच्या मोठ्या अ‍ॅरेसाठी नमपाय या गणिती लायब्ररीचे सम (sum) त्याहून खूपच जलद, कारण तेथे लूप पायथनमध्ये नसून सीमध्ये चालतो. रस्टमध्ये इंडेक्सने वाचताना तो मर्यादेत आहे का हे तपासावे लागते. ती तपासणी कंपाइलरला प्रत्येक ठिकाणी काढून टाकता येत नाही, आणि इटरेटर वापरला की तिची गरजच उरत नाही. म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये ज्याला ‘सोयीची पण महाग’ पद्धत म्हणून हिणवतात, तीच तेथे अधिक वेगवान ठरू शकते.

आणि सी-मध्येही बेरजेचा लूप आपण समजतो तितका सरळ नाही. पूर्णांकांची बेरीज कंपाइलर एका सूचनेत चारचार, आठआठ संख्या घेऊन करू शकतो. दशांश संख्यांच्या बाबतीत त्याला ती मुभा नसते, कारण बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलते: ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६०००००००००००००१ येते, आणि ०.२ व ०.३ आधी मिळवले तर ०.६. प्रोग्रामरने क्रम बदलण्याची परवानगी स्पष्टपणे दिल्याशिवाय कंपाइलर ती जोखीम घेत नाही, आणि प्रत्येक बेरीज आधीच्या बेरजेची वाट पाहत राहते. चार वेगवेगळ्या चलांत चार बेरजा चालवून शेवटी त्या मिळवल्या तर ही वाट पाहणे कमी होते. मात्र शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो हे मान्य करूनच तसे करावे.


अनुक्रम

कालच्या सूचनेप्रमाणे मॅप-संग्रह केला आणि पसरण्याऐवजी पुश वापरले. पान आता गोठत नाही. बाहेरचा लूप फॉर-ऑफ ठेवला आहे आणि दोन्ही सहकाऱ्यांना तो मान्य आहे. खाते क्रमांकाच्या प्रकाराचा इशारा आधीच मिळाल्यामुळे दोन्हीकडे अक्षरमाला करून घेतली होती, अन्यथा त्यात नक्की अडकलो असतो.

मात्र जुना आणि नवा निकाल शेजारी ठेवून ताडून पाहिला तेव्हा मोजक्या व्यवहारांसमोर वेगळे खाते दिसले. क्रमांक तोच, पण खात्याचे नाव वेगळे. लूप बदलल्याने उत्तर का बदलावे?


उत्तर — ओळ_स्तंभ

आपण दोन्ही निकाल ताडून पाहिलेत म्हणून हे सापडले. खात्यांच्या अ‍ॅरेत तेच क्रमांक दोनदा आले असणार. फाइंड पहिली जुळणारी नोंद देऊन थांबते. मॅप-संग्रहात तीच किल्ली पुन्हा घातली की जुने मूल्य पुसले जाते, म्हणून शेवटची नोंद टिकते. पूर्वीचेच वर्तन हवे असेल तर घालण्याआधी ती किल्ली आहे का हे हॅजने तपासा आणि नसेल तरच घाला. पण त्याआधी दुबार क्रमांकांची यादी काढून, त्यांतली कोणती नोंद खरी आहे हे ज्यांच्याकडे खात्यांची जबाबदारी आहे त्यांना विचारा, कारण आजवर पहिली नोंद दिसत होती म्हणजे तीच बरोबर होती असे कोडवरून ठरवता येणार नाही.


अनुक्रम

तपासले, ११ क्रमांक दुबार निघाले. यादी संबंधितांकडे पाठवली आहे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत हॅजची तपासणी घालून पूर्वीचे वर्तन कायम ठेवले आहे.